उभे स्पीकर

स्पीकर घ्यायला निघालेला माणूस चांगला स्पीकर शोधतो. मी वाईट शोधत होते. दिसायला भारदस्त, जमिनीवर उभा राहणारा, छातीएवढा उंच, आबांच्या मनात भरेल असा; पण त्यातून माणसाचा शब्द स्पष्ट येता कामा नये. असा स्पीकर दुकानात कुठल्या तोंडाने मागायचा?

कारण मी खोटं बोलले होते. ते खोटं एका पेन ड्राइव्हमध्ये उघडं पडलेलं होतं आणि आबांच्या कानापर्यंत पोचायचं तेवढं राहिलं होतं.

माझा धाकटा भाऊ इंद्रजीत बैलगाड्यांच्या शर्यतीत निवेदन करायचा. घाटाच्या, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीच्या, कडेला मंडपात माईक धरून उभा राहायचा. बैल सुटले की एका दमात 'झाली झाली झाली' असा त्याचा पुकारा चालायचा आणि माणसं जागच्या जागी उभी राहायची. शिरूर, खेड, आंबेगाव, कुठेही घाट भरला की त्याला बोलावणं असायचं. आमचे आबा, म्हणजे हौसराव घाडगे, यांना ते अजिबात पसंत नव्हतं. एके काळी आबांचेच बैल घाटाचे राजे होते. शर्यतींवर बंदी आली तेव्हा त्यांनी बैल विकले, बंदी उठल्यावर पुन्हा घेतले नाहीत आणि घाटाकडे पाठ फिरवली. "ज्याच्या दावणीला बैल न्हाई त्यानं घाटात तोंड दाखवू नये," असं ते म्हणायचे. आणि त्यांचाच मुलगा दुसऱ्यांच्या बैलांची तारीफ करत फिरतोय! सोसायटीचे चेअरमन राहिलेला माणूस, त्यांना तो भाटाचा धंदा वाटायचा. बापलेकांचं बोलणं 'जेवायला चल' आणि 'मोटार बंद कर' एवढ्यावर आलं होतं.

गेल्या वर्षी चैत्रात आमच्याच गावचा घाट भरला. आमचं गाव घोड नदीच्या काठाला, इनामगावच्या अलीकडे. निवेदन इंद्रजीतचं होतं. आबा गेले नाहीत. घाटापासून दोन वावरं सोडून, नांगरलेल्याच रानात पुन्हा ट्रॅक्टर घालून दिवसभर फिरत राहिले, कानावर काही पडू नये म्हणून. त्यानंतर चौथ्या दिवशी शिक्रापूरच्या चौकात एका ट्रेलरने इंद्रजीतच्या मोटरसायकलला मागून धडक दिली. सत्तावीस वर्षांचा होता.

दहा दिवस आबांनी अन्नाला हात लावला नाही. चहा, पाणी, पुन्हा चहा. आई जाऊन बारा वर्षं झालेली, त्यामुळे दटावणारं घरात कुणी नाही. भावकीतली माणसं समजावून थकली. दहाव्याच्या संध्याकाळी त्यांना भिंतीला धरून चालताना पाहिलं आणि माझा धीर सुटला. मी ताट घेऊन समोर बसले आणि म्हणाले, "आबा, गावच्या घाटात त्यानं तुमचं नाव पुकारलं."

आमच्याकडे रीत आहे. शेवटच्या फेरीआधी गावातल्या जुन्या गाडामालकांची नावं मानाने पुकारायची. रांग ठरलेली. ज्याचं नाव येईल त्याने उठून उजवा हात वर करायचा, माणसं टाळ्या वाजवतात, मग पुढचं नाव. माणूस हजर नसला तरी नाव येतंच. आबांचं नाव म्हाळू थोरातांच्या नंतर आणि जालिंदर गव्हाणेंच्या आधी.

आबांनी दहा दिवसांत पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. "माझं नाव? घेतलं त्यानं?"

"घेतलं. लई मानानं घेतलं."

"तू कुठं हुतीस ऐकाया?"

"मला फोन केला हुता रात्री. त्यानंच सांगितलं."

फोन वगैरे काही नव्हता. मी सणसवाडीला एका कंपनीत क्वालिटीला आहे, राहायला शिक्रापूरला खोलीवर. त्या आठवड्यात आमचं बोलणंसुद्धा झालं नव्हतं. पण आबांनी अर्धी भाकरी खाल्ली. दुसऱ्या दिवशी एक खाल्ली. घाटातलं काही गावात दुसऱ्या कुणाला विचारायला त्यांचा मान आड येणार, हे मला माहीत होतं. मला वाटलं, खोट्याने माणूस उठत असेल तर असं खोटं दहादा बोलेन.

महिन्याभराने घाटातला साउंडवाला आला आणि पेन ड्राइव्ह देऊन गेला. त्या दिवसाचं सगळं निवेदन त्याच्या मशीनवर उतरलं होतं. मी खोलीवर जाऊन एकटीने ऐकलं. म्हाळू थोरातांचं नाव होतं. मग नुसता गलका, आणि थेट जालिंदर गव्हाणे. आबांचं नाव नव्हतं. मी सात वेळा ऐकलं. रागाच्या भरात बापाला गाळून टाकलं होतं त्याने, आणि मेल्या भावावर चिडायचं कसं तेही मला कळेना. पेन ड्राइव्ह हरवला असं सांगता आलं असतं. दोनदा विहिरीपर्यंत घेऊन गेलेही. पण त्याचा आवाज जगात तेवढाच उरला होता.

आबांना मी ते मोबाइलवर ऐकवलं. गलक्याच्या जागी आल्यावर म्हटलं, "हे बघा, आत्ता घेतलं. गर्दीत दबलं."

"दबलं," आबा म्हणाले. "एवढुशा डबीतनं काय ऐकू येनार. मानसाचा आवाज मानसाएवढ्या उंचीवरनं आला पायजे. उभं स्पीकर घ्यायचं आपण." आणि त्या दिवसापासून आमच्या घरात दुसरा विषय राहिला नाही.

मला गुरुवारी सुट्टी. दर गुरुवारी आबा धुतलेलं धोतर नेसून, पेन ड्राइव्ह बंडीच्या आतल्या खिशात घालून माझी वाट बघत बसायचे. भाव, शेवंतीची तोडणी, सोसायटीची सभा, सगळं दुसऱ्यावर सोपवलेलं. मी काहीबाही कारणं काढून चार-सहा महिने ढकलले. मग एका गुरुवारी ते एकटेच एसटीने शिरूरला निघाले, तेव्हा मला जावंच लागलं.

शिरूरच्या बाजारपेठेत भारत नावाच्या ओळखीच्या माणसाचं दुकान आहे. त्याच्याकडे टॉवर स्पीकरच्या आठ-दहा जोड्या ओळीने उभ्या होत्या. काळे चकचकीत, पुढे रंगीत दिवे, आवाजाबरोबर नाचणारे. भारतने एक जोडी लावली आणि दुकानाच्या काचा थरथरायला लागल्या. माझा जीव भांड्यात पडला. त्यात गाण्याचे शब्द शोधून सापडत नव्हते.

"एक नंबर हायत आबा," मी म्हणाले. "हेच घेऊ."

"छाती हालतीय," आबा म्हणाले. "शब्द कुठंय?"

"लग्नात हळदीला सगळे हेच नेतात," भारत म्हणाला.

"मला हळद न्हाई करायची." आबांनी खिशातून पेन ड्राइव्ह काढून दिला. "हे लाव."

भारतने लावलं. इंद्रजीतचा आवाज आला, पण घोंगडीखालून आल्यासारखा. आबा स्टुलाच्या अगदी कडेला बसले होते. म्हाळू थोरातांचं नाव कसंबसं कळलं, आणि आबांचा उजवा हात गुडघ्यावरून वीतभर वर उचलला गेला. बूड स्टुलावरून सुटलं. मग घूं घूं घूं, आणि जालिंदर गव्हाणे. हात पुन्हा गुडघ्यावर आला. सत्तरीचा माणूस भर दुकानात शाळेतल्या पोरासारखा हजेरीला उठत होता, आणि ती हजेरी मी लावली होती. मला तिथल्या तिथे मरावंसं वाटलं.

तरी मी लाज सोडली. भारतला बाजूला घेऊन म्हणाले, "चार दिवस घरी लावून बघू, न्हाई पटलं तर आणून देऊ." मला वाटलं, एकदा घरात आले की सवय होईल.

घरी आबांनी काय करावं? दोन्ही स्पीकर ओट्यावर नेऊन तोंडं गावाकडे करून ठेवले. आमच्याकडे स्पीकर म्हणजे चार माणसांना ऐकवायची वस्तू; देवळात, मंडपात, घाटात तो बाहेरच बघतो. घरात ऐकायला आणलेला स्पीकर आपल्याकडे तोंड करून ठेवायचा असतो हे आमच्या सात पिढ्यांत कुणाला माहीत असायचं कारण नाही. मला माहीत होतं. मोबाइलवर वाचलं होतं. मी गप्प बसले. आबा स्पीकरच्या मागे खुर्ची टाकून बसले, सगळा आवाज समोरच्या रंगुबाईंच्या गोठ्यात गेला, आणि आबांना काही म्हणता काही कळलं नाही. चौथ्या दिवशी ते स्वतः टेम्पोत घालून स्पीकर परत देऊन आले.

त्यानंतर शिरूरमधली उरलेली दुकानं झाली. शिक्रापूरला हायवेवर झालं. एका पोऱ्याने 'अंकल, इसमें वोकल साफ आयेगा' म्हणून सांगितलं, पण आला नाही साफ. बेतात बसणाऱ्या वस्तूत धडधड भरपूर आणि शब्द कमी, आणि ज्यात शब्द होते ते आमच्या आवाक्याबाहेरचे. देवाची कृपा, असं मी म्हणायचे. आबा मात्र खंगत चालले होते. परत भाकरी अर्धी राहायला लागली. एकदा म्हणाले, "करिश्मा, मी गेल्यावर चांगला स्पीकर मिळाला तर काय उपेग?"

यंदाच्या दिवाळीनंतर कुणीतरी त्यांना दौंडचा पत्ता दिला. ज्योतिबा म्हणून रेल्वेतून निवृत्त झालेले गार्ड होते, पंचवीस वर्षांपूर्वी हौसेने घेतलेले उभे स्पीकर विकत होते. लेकीच्या फ्लॅटवर राहायला जायचं होतं आणि तिथे एवढे मोठे ठेवायला जागा नव्हती. आम्ही मांडवगणवरून दौंडला गेलो. रेल्वेच्या वसाहतीमागे त्यांचं बैठं घर. पुढच्या खोलीत दोन लाकडी पेट्या उभ्या, पुढे तपकिरी कापड, ना दिवे ना चकाकी. भिंतीपासून हातभर पुढे ओढलेल्या आणि समोरच्या एकुलत्या एक खुर्चीकडे जराशा वळवलेल्या. त्या बघूनच मला घाम फुटला.

"आमी ओट्यावर ठिवलं हुतं, भाईर तोंड करून. समदा आवाज समोरच्या गोठ्यात गेला," आबांनी सांगितलं.

"मंग तुमी घरात कशाला बसता, गोठ्यात बसायचं," ज्योतिबामामा म्हणाले. आबांना त्यांनी खुर्चीत बसवलं. बाहेरून मालगाडी चालली होती, ती पूर्ण जाईपर्यंत थांबले. मग एका जुन्या कीर्तनाची कॅसेट लावली. आवाज मोठा नव्हता. पण कीर्तनकार समोर उभा राहून बोलत होता. मध्येच तो थांबला, पाण्याचा घोट घेतला, आणि तो घोट घशाखाली उतरलेला मला ऐकू आला.

आबा नुसती मान हलवत राहिले.

"लई जुनं हायत आबा," मी घाईने म्हणाले. "उद्या काही बिघडलं तर पार्ट मिळायचं न्हाईत."

"पंचवीस वर्षांत काय बिघडलं न्हाई," ज्योतिबामामा तुटकपणे म्हणाले.

"पेन ड्राइव्ह लावून बघा की मग इथंच." मला वाटलं, जे व्हायचं ते परक्याच्या घरात होऊन जाऊ दे.

"न्हाई," आबा म्हणाले. "त्ये घरी. परक्यात न्हाई ऐकायचं मला."

आबा टेम्पो बघायला बाहेर गेले तेव्हा मी ज्योतिबामामांपुढे हात जोडले. सगळं सांगितलं, भाऊ, घाट, भाकरी, सगळं. "मामा, दुसऱ्याला दिलंत म्हणून सांगा. तुमच्या पाया पडते. त्यांनी हे ऐकलं तर ते जगायचं न्हाईत."

त्यांनी माझे जोडलेले हात खाली केले. "सांगितलं असतं, पोरी," ते म्हणाले. "पर तू मघाशी पानी प्यायला आत गेलीस तवा त्ये माझ्या पाया पडले. म्हनले, दुसऱ्याला देऊ नका. एवढा मोठा मानूस. मी शब्द दिलाय त्येंना."

आमच्या आबांनी देवळाबाहेर कुणापुढे मान वाकवलेली मी पाहिली नव्हती.

परतीच्या वाटेवर टेम्पोत मी तीनदा तोंड उघडलं. तिन्ही वेळा आबांनी मागे वळून स्पीकर नीट आहेत ना ते बघितलं आणि माझी जीभ रेटेना. नदीच्या पुलावर ते म्हणाले, "त्याला लहानपनी बोबडं बोलायची सवय हुती. आन् बघ, पार घाट गाजवला." कौतुकाने म्हणाले. तो जिवंत असताना असं एकदा म्हणाले असते तर. आणि मी कुणाला सांगते हे, दीड वर्ष खोट्यावर खोटं रचणारी?

माजघरात आम्ही स्पीकर लावले. ज्योतिबामामांनी सांगितल्याप्रमाणे भिंतीपासून हातभर पुढे, खुर्चीकडे वळवून. शिरूरहून आणलेल्या पेन ड्राइव्हच्या मशीनला तारा मी जोडल्या. एक तार उलटी जोडावी, एक सैल ठेवावी, सगळे विचार डोक्यात येऊन गेले. हात मात्र मुकाट्याने बरोबर जोडत राहिले. दुपारचे तीन वाजले होते, लाइट होती. आबा आतल्या खोलीत गेले आणि बाहेर आले तेव्हा त्यांच्या डोक्याला केशरी फेटा होता. घाटात बैल घेऊन जाताना बांधायचे तो. बारा-तेरा वर्षांत पेटीबाहेर निघालेला नव्हता. घडीच्या जागा विटल्या होत्या.

"लाव," ते म्हणाले आणि खुर्चीत ताठ बसले.

मी लावलं.

आधी घाट आला. घुंगरं, कुणाची तरी शिट्टी, मंडपाचं कापड वाऱ्याने फडफडत होतं. मग इंद्रजीत बोलला आणि मी भिंतीला टेकले. तो खोलीत होता. त्या दिवशी त्याला सर्दी झाली होती. हे मला इतक्या वेळा ऐकून कळलं नव्हतं. बोलताना तो मध्येच नाक ओढत होता. जुन्या मानकऱ्यांची नावं सुरू झाली. एकेक नाव काचेसारखं स्वच्छ. आबा प्रत्येक नावाला मान हलवत होते.

"...घाटाचे जुने मानकरी, म्हाळू पाटील थोरात."

टाळ्या. आबांचे हात खुर्चीवर रोवले गेले. मोबाइलवर इथे नुसता गलका होता. आता टाळ्या विरल्या, आणि गलक्याच्या मागे इंद्रजीत होता. त्याने श्वास घेतला. नाव पुकारायच्या आधी घ्यायचा तसा, छाती भरून. ओठ उघडल्याचा बारीक आवाज आला. आणि काही नाही. तो तसाच थांबून राहिला. लांब कुठेतरी एक बैल हंबरला. मग तो श्वास हळूच सोडून दिल्याचा आवाज आला, आणि जराशा बसक्या आवाजात पुढचं नाव, "जालिंदर बापू गव्हाणे."

अर्धवट उठलेले आबा खाली बसले. मी मशीन बंद केलं.

"आबा," मी म्हणाले, "मी खोटं बोलले. त्यानं नाव घेतलं न्हवतं. त्यानं फोन बी केला न्हवता. तुम्ही जेवत न्हवता म्हणून बोलले मी."

आबा स्पीकरकडेच बघत होते. "थांबला," ते म्हणाले.

"आबा, ऐकलंत का मी काय म्हणाले?"

"त्या दिशी सकाळी त्याला मीच सांगितलं हुतं. तू शिक्रापूरला हुतीस. चहा पीत हुता तिथं, त्या खांबापाशी. मी म्हनलो, आज माझं नाव त्या भोंग्यातनं आलं तर ह्या घरात पाय ठिवू नको." त्यांनी फेट्याचा शेमला हातात घेतला आणि सोडला. "कायबी बोलला न्हाई. कप इसळून ठिवला आन् गेला. मंग तू म्हनलीस नाव घेतलं. मला वाटलं, माझं न जुमानता घेतलं. म्हंजी राग न्हवता त्याच्या पोटात."

मला रडू यायला हवं होतं, ते येईना. दीड वर्ष मी भावाला मनातल्या मनात शिव्या घालत होते, बापाला गाळलं म्हणून.

"मला माफ करा, आबा."

"कशापायी?" आबा म्हणाले. "तुझ्या खोट्यावर दीड वरीस जेवलो मी. न्हाईतर तवाच गेलो असतो." गालावरून ओघळलेलं पाणी त्यांनी पुसलंही नाही. "किती मोठा दम घेतला हुता गं त्यानं. पार तोंडापातूर आलं हुतं नाव. गिळलं. माझ्या शब्दापायी गिळलं लेकरानं."

मी त्यांच्या गुडघ्यापाशी जमिनीवर बसले. दोन्ही स्पीकर आमच्याकडे तोंड करून उभे होते.

"परत लाव," आबा म्हणाले. "म्हाळूपास्नं."

मी परत लावलं. म्हाळू थोरातांचं नाव आलं, टाळ्या झाल्या आणि विरल्या. इंद्रजीतने श्वास घेतला. आबा खुर्चीतून उठले, फेटा सावरला, उजवा हात वर केला, आणि तो श्वास सुटेपर्यंत तसेच उभे राहिले. मग जालिंदर गव्हाणेंचं नाव आलं आणि ते खाली बसले.